माहेरची माकडं, सासरची लस



माझं माहेर पुण्याचं, पाषाणचं, आणि सासर हैदराबादचं, आपल्या मलकपेठचं. २०२१ साली कोवॅक्सिन आली तेव्हा आमच्या घरात एक विनोद रूढ झाला होता. सासरे म्हणायचे, "ही लस म्हणजे आपल्या सूनबाईसारखीच. माहेर पुण्याचं आणि नांदायला हैदराबादला." विनोद असला तरी त्यात खोटं काही नव्हतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, मार्च २०२० मध्ये करोनाचा विषाणू रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा काढला. मे महिन्यात आयसीएमआरनं हैदराबादच्या भारत बायोटेकबरोबर लस तयार करण्याचं जाहीर केलं. पुण्याचा विषाणू इथल्या जिनोम व्हॅलीत आला आणि त्याची लस झाली. ती लस आम्ही सगळ्यांनी घेतली.

या गोष्टीतलं एक पान मात्र आपल्याकडे फारसं कुणी उलगडून सांगत नाही. ते आहे प्राण्यांचं. उंदीर, ससे, हॅमस्टर आणि वीस माकडं. ते पान मी नीट वाचलं ते यावर्षी, आमच्या सईमुळे.

सई माझ्या नणंदेची मुलगी. नांदेडची. बी. फार्म.साठी चार वर्षं आमच्याकडेच राहिली. दोन वर्षांपासून ती व्हीगन आहे. दूध नाही, दही नाही, तूप नाही. माझ्या सासूबाईंना याचा त्रास होतो, पण त्यांनी आता तिच्यासाठी शेंगदाण्याचं ताक शिकून घेतलंय. तर या सईला शेवटच्या वर्षाला असताना एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं. पगार चांगला, शहरापासून फार लांब नाही. काम मात्र अ‍ॅनिमल हाऊसमधलं. म्हणजे ज्या जागी औषधं आणि लशी आधी प्राण्यांना देऊन पाहतात ती जागा. डोस द्यायचे, वजनं घ्यायची, रक्ताचे नमुने काढायचे, नोंदी ठेवायच्या आणि अभ्यास संपला की प्राण्यांना शांतपणे मारायचं.

ती रात्री माझ्यापाशी येऊन बसली. "मामी, मी तूप खात नाही, आणि हे काम करू?"

मी डॉक्टर नाही की शास्त्रज्ञ नाही. बी.ई. झाले, हायटेक सिटीत सॉफ्टवेअरचं काम करते. पण प्रश्न घरातला होता आणि तिला "बघ बाई, तुझं तू ठरव" एवढं सांगून भागणार नव्हतं. म्हणून महिनाभर जमेल तसं वाचलं. जे समजलं ते आपल्या मंडळातल्या इतर मुलांनाही उपयोगी पडेल असं वाटतं. हैदराबादमध्ये राहतो म्हटल्यावर आपल्यापैकी निम्म्या घरांत कुणी ना कुणी फार्मा किंवा बायोटेकमध्ये आहेच.

सुरुवात करू १९१८ पासून. त्या वर्षीच्या तापाच्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. मुंबईला तर लोक त्याला मुंबईचा ताप म्हणू लागले होते. एवढी माणसं गेली, पण हा आजार कशामुळे होतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. बरेच डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते. खरा गुन्हेगार सापडायला पुढे पंधरा वर्षं लागली. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी फ्लू झालेल्या माणसाच्या घशातलं पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळून घेतलं. त्या गाळणीतून जिवाणू जात नाहीत. ते पाणी त्यांनी फेरेट नावाच्या प्राण्याच्या नाकात घातलं. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबोडका प्राणी. दोन दिवसांत फेरेटला ताप आला, नाक वाहू लागलं, तो शिंकू लागला. म्हणजे आजार जिवाणूचा नव्हे, विषाणूचा. तीन वर्षांनी तिथल्याच एका संशोधकाच्या तोंडावर आजारी फेरेट शिंकला आणि त्या संशोधकालाही फ्लू झाला. माणसाकडून प्राण्याकडे आणि प्राण्याकडून परत माणसाकडे, असं वर्तुळ पूर्ण झालं. आजही फ्लूचा नवा प्रकार आला की त्याची पारख फेरेटवर होते, कारण फेरेटला आपल्यासारखाच फ्लू होतो आणि तो आपल्यासारखाच शिंकतो.

"आपल्यासारखाच" हा शब्द या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. आमच्या कामात मूळ सिस्टीमची एक नक्कल करून ठेवतात, तिला स्टेजिंग म्हणतात. नवीन बदल आधी नकलेवर चालवायचा, तिथं काही मोडलं नाही तरच तो खऱ्या ग्राहकांपर्यंत जाऊ द्यायचा. पण नक्कल म्हणजे असल नव्हे, हे आम्हाला पहिल्या वर्षातच कळतं. ती काही बाबतींत सारखी असते, काही बाबतींत नसते. म्हणून विचारायचं ते एवढंच, की मला जे तपासायचंय त्या बाबतीत ही नक्कल असलसारखी आहे का? प्राण्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना नेमकं हेच विचारावं लागतं, असं वाचताना लक्षात आलं.

करोनाचंच बघा. प्रयोगशाळा म्हटलं की आपल्याला पांढरा उंदीर आठवतो. पण करोनाच्या सुरुवातीच्या विषाणूची साध्या उंदराला लागणच होत नव्हती. विषाणू आपल्या पेशीत शिरतो तो पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून. ते कुलूप धरलं तर विषाणू किल्ली. उंदराच्या पेशीवरचं कुलूप थोडं वेगळं असल्यामुळे ही किल्ली तिथं लागत नव्हती. उपाय म्हणून माणसाचं कुलूप अंगावर असलेले खास उंदीर वापरावे लागले. ते २००३ च्या सार्सनंतर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात तयार केले होते. सार्स संपल्यावर त्यांची गरज संपली होती, म्हणून २०२० साली गोठवून ठेवलेल्या शुक्राणूंपासून त्यांची पैदास पुन्हा सुरू करावी लागली.

सीरियन हॅमस्टरला मात्र करोना आपसूक होतो. त्याचं कुलूप आपल्या कुलपाच्या बरंच जवळचं आहे. विषाणू नाकात घातला की काही दिवसांत त्याचं वजन उतरतं आणि फुप्फुसात न्यूमोनिया दिसू लागतो. जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरोघरी पाळलेले हे हॅमस्टर बहुतेक सगळे १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ पकडलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत, हे वाचून सई थोडा वेळ गप्पच झाली. अख्ख्या जगाच्या कामी आलेलं एक कुटुंब!

आता थोडं आमच्या घरचं. माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना पावसाळ्यात त्याला सर्दी झाली. दोन दिवसांत श्वास जलद झाला, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागली, दूध पिताना तो दमून सोडून देऊ लागला. आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. तपासणीत आरएसव्ही निघाला. लहान बाळांच्या छातीत उतरणारा हा विषाणू जगात सगळीकडे आहे आणि दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. बहुतेकांना नुसती सर्दी होते, काहींना मात्र ऑक्सिजन लावावा लागतो. आमच्या बाळाला चार दिवस लावावा लागला. डॉक्टर भले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "यावर थेट मारा करणारं औषध माझ्याकडे नाही. ऑक्सिजन देऊ, नाक मोकळं ठेवू, पाणी कमी पडू देणार नाही. बाकीचं काम त्याचं शरीर करील." ते चार दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. ज्या आईबापांनी असे दिवस काढलेत त्यांना ते ठाऊक आहे.

बाळ बरं झालं. पण "औषध का नाही?" हा प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर मला सईच्या निमित्तानं वाचताना मिळालं, आणि ते अंगावर काटा आणणारं आहे.

आरएसव्ही पहिल्यांदा सापडला तो १९५६ साली, अमेरिकेत प्रयोगशाळेत ठेवलेल्या सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. थोड्याच दिवसांत कळलं की हा मुळात माणसांच्या बाळांचा विषाणू. मग लस बनवायचं ठरलं. पोलिओची साल्क लस ज्या तत्त्वावर होती तेच तत्त्व घेतलं: विषाणू वाढवायचा, फॉर्मॅलिननं मारायचा आणि मेलेला विषाणू टोचायचा. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत ती लस बाळांना दिली. पुढच्या हिवाळ्यात खऱ्या विषाणूची साथ आली तेव्हा उलटंच झालं. एका चाचणीत, लस घेतलेल्या ज्या बाळांना लागण झाली त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के बाळांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. लस घेतलेली दोन बाळं दगावली. लशीनं संरक्षण तर केलं नाहीच, आजार अधिक भयंकर केला.

हे का झालं हे शोधायला बाळांवर प्रयोग करता येणार नव्हते. साध्या उंदरात आरएसव्ही नीट वाढत नाही. उत्तर सापडलं ते अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि मेक्सिकोत आढळणाऱ्या कॉटन रॅट नावाच्या रानउंदरात. त्याच्या नाकात आणि फुप्फुसात हा विषाणू चांगला वाढतो, हे ग्रेगरी प्रिन्स यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं. १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी फॉर्मॅलिनची लस या उंदरांना दिली, मग विषाणू दिला, आणि बाळांना झालं होतं तसंच बिघडलेलं फुप्फुस उंदरांत पाहायला मिळालं. त्या लशीमुळे शरीरात प्रतिपिंडं तयार होत होती, पण ती विषाणूला निकामी करणारी नव्हती. शिवाय शरीराचा प्रतिसादच चुकीच्या दिशेला वळून फुप्फुसात सूज आणत होता.

त्याच उंदरांनी पुढचा रस्ताही दाखवला. विषाणूला निकामी करणारी तयार प्रतिपिंडं बाहेरून दिली तर फुप्फुस वाचतं, आणि त्यासाठी रक्तात त्यांचं प्रमाण साधारण किती लागतं, हे कॉटन रॅटवर ठरलं. त्यातून १९९८ साली अमेरिकेत पालिविझुमॅब हे इंजेक्शन मंजूर झालं. ते अपुऱ्या दिवसांच्या आणि हृदयाचा दोष असलेल्या बाळांसाठी होतं. २०२३ साली गरोदर बाईला देऊन बाळाचं रक्षण करणारी लसही अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झाली. म्हणजे १९६६ पासून मोजलं तर सत्तावन्न वर्षं. माझ्या मुलाच्या वेळी डॉक्टरांच्या हातात औषध का नव्हतं, ते आता मला समजतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे कोवॅक्सिनसुद्धा मेलेल्या विषाणूचीच लस. तिच्यात विषाणू मारायला फॉर्मॅलिन नाही, बीटा-प्रोपिओलॅक्टोन वापरतात, आणि प्रतिसाद योग्य दिशेला वळावा म्हणून अल्जेल-आयएमडीजी नावाचा घटक मुद्दाम घातला आहे. तरीही २०२० साली शास्त्रज्ञांसमोर १९६६ ची आठवण होतीच. लस घेतलेल्या माणसाला नंतर करोना झाला आणि आजार आणखी बिघडला तर? हे तपासायला आधी लस द्यायची, मग मुद्दाम विषाणू द्यायचा आणि फुप्फुस उघडून बघायचं, हाच मार्ग होता. आणि तो माणसांवर वापरता येत नाही.

म्हणून भारत बायोटेकनं लस आधी उंदरांना आणि सशांना देऊन ती सुरक्षित आहे का, प्रतिपिंडं तयार होतात का, हे पाहिलं. पुण्याला एनआयव्हीमध्ये डॉ. प्रज्ञा यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरवर आणि माकडांवर पुढचा अभ्यास केला. ही माकडं म्हणजे रीसस, आपण लाल तोंडाचं माकड म्हणतो ते. काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं वानर नव्हे. त्यांची फुप्फुसं आणि ते एसीई-२ चं कुलूप आपल्याशी खूपच मिळतंजुळतं.

पण माकडं आणायची कुठून? तेव्हा लॉकडाऊन होता. आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी कोवॅक्सिनवर जे पुस्तक लिहिलं त्यात ही हकीकत आहे. शहरं बंद, हॉटेलं बंद, देवळं बंद. माणसांच्या उष्ट्याखरकट्यावर जगणारी माकडं खायला मिळेना म्हणून रानात निघून गेली होती. महाराष्ट्राच्या वनखात्याची मदत घेऊन बरंच रान धुंडाळावं लागलं आणि शेवटी नागपूरजवळ ती सापडली. त्यांना पुण्याला आणलं, इतर रोग नाहीत ना हे तपासलं.

वीस माकडांचे पाच-पाचचे चार गट केले. एका गटाला लस नाही, तीन गटांना लशीचे वेगवेगळे प्रकार. चौदा दिवसांच्या अंतरानं दोन डोस. आणखी चौदा दिवसांनी सगळ्यांना विषाणू दिला. लस न मिळालेल्या माकडांच्या फुप्फुसात न्यूमोनिया दिसला. लस मिळालेल्यांत तो दिसला नाही आणि विषाणूही लवकर नाहीसा झाला. फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं म्हणजे काय करावं लागतं, ते वेगळं सांगायला नको.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं पुस्तकातल्यासारखं एकामागून एक झालं नाही. माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा जुलै २०२० मध्ये सुरू झाला. त्यात ३७५ स्वयंसेवक होते, आणि ज्या रुग्णालयांत तो झाला त्यांत आपल्या पंजागुट्ट्याचं निम्सही होतं. माकडांचे निष्कर्ष जाहीर झाले ते सप्टेंबरमध्ये. ३ जानेवारी २०२१ ला सरकारनं आपत्कालीन परवानगी दिली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष यायचे होते, आणि त्यावर बरीच टीका झाली. ती टीका गैर नव्हती. माकड वाचलं म्हणजे माणूस वाचेलच असं नसतं. लस किती गुणकारी हे शेवटी ठरलं ते सुमारे २५,८०० माणसांच्या चाचणीत, आणि आकडा आला ७७.८ टक्के. प्राण्यांचा अभ्यास पुढं जायला हरकत नाही एवढंच सांगतो. खरी परीक्षा माणसांतच होते.

प्राण्यांचा आणखी एक उपयोग मलकपेठच्या माणसाला पटकन कळेल. आपल्या रेसकोर्सवरचे घोडे आपण लहानपणापासून पाहतो. घोड्याला थोडं थोडं विष किंवा निष्प्रभ केलेला विषाणू टोचला की त्याच्या मोठ्या शरीरात भरपूर प्रतिपिंडं तयार होतात. त्याचं रक्त काढून ती वेगळी करतात. सापाच्या विषावरचं औषध मुंबईच्या हाफकिनमध्ये वर्षानुवर्षं असंच बनत आलंय. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आयसीएमआर आणि आपल्या हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीनं करोनावर अशीच घोड्यांपासूनची प्रतिपिंडं तयार केल्याचं जाहीर केलं होतं. इथं घोड्याला आजारी पाडायचं नसतं, त्याचा जीवही घ्यायचा नसतं. पण त्यालाही कुणी विचारलेलं नसतंच.

आमच्या घरी एका शनिवारी यावर बोलणं झालं. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, नुकतेच मारुतीला तेल घालून आले होते. सईनं त्यांना वीस माकडांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "अण्णा, तुम्ही दर शनिवारी मारुतीला जाता. त्या माकडांना कुणी विचारलं होतं का हो?"

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही विचारलं. आणि विचारलं असतं तर ती हो म्हणाली नसती. पण पोरी, त्या वर्षी आपल्या गल्लीतनं किती जण गेले ते तू बघितलंस. मला विचारशील तर मी लस घेतली आणि उद्या पुन्हा घेईन. फक्त फुकट मिळाली असं म्हणणार नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मग निदान फुकट मारू तरी नयेत."

मला वाटतं, पुढची सगळी चर्चा या दोन वाक्यांत आहे. "फुकट मारू नयेत" याला आपल्याकडे कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी एक केंद्रीय समिती आहे आणि १९९८ चे नियम आहेत. प्राणी वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेनं नोंदणी करायची, स्वतःची नीती समिती नेमायची, आणि त्या समितीत बाहेरचे सदस्यही घ्यायचे. माकडासारख्या मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची परवानगी लागते. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या आज सगळीकडे पाळायच्या असतात: प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, प्राणी कमीत कमी संख्येत वापरा, आणि जे वापराल त्यांच्या वेदना कमीत कमी ठेवा.

पहिल्या गोष्टीत बरीच प्रगती होतेय. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी आपल्या देशात २०१४ पासून बंद आहे. सई सांगते, तिच्या बी. फार्म.च्या प्रात्यक्षिकांत बेडूक-उंदरांच्या जागी संगणकावरचं सिम्युलेशन होतं. २०२३ साली केंद्र सरकारनं नियम बदलून औषधांच्या चाचणीत माणसाच्या पेशींपासून बनवलेले छोटे अवयव आणि चिपवरचे अवयव अशा पद्धतींनाही जागा दिली. आपल्या सीसीएमबीच्या आवारातसुद्धा अशा पद्धतींवर काम करणारं केंद्र आहे. पण संपूर्ण शरीरात लस, विषाणू, ताप, सूज हे सगळं एकमेकांशी कसं वागतं, ते आजची चिप सांगू शकत नाही. १९६६ च्या लशीनं फसवलं ते याच ठिकाणी.

सईला मी शेवटी काय सांगितलं? नोकरी घे किंवा घेऊ नको असं सांगितलं नाही. मुलाखतीत तिलाही प्रश्न विचारता येतात, हे सांगितलं, आणि आम्ही दोघींनी मिळून चार प्रश्न काढले. नीती समितीनं गेल्या वर्षी एखादा प्रस्ताव परत पाठवला का, की सगळेच मंजूर झाले? कुठल्या अभ्यासाला किती प्राणी, हे कोण आणि कशावरून ठरवतं? प्राण्याला असह्य त्रास होतोय असं दिसलं तर अभ्यास मध्येच थांबवायचा अधिकार तिथं रोज उभ्या असलेल्या माणसाला आहे का? आणि अभ्यास फसला तर तो प्रसिद्ध होतो का, की कपाटात जातो आणि दुसरी कंपनी तेच प्राणी पुन्हा मारते?

तिनं ते चारही प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर "आहे" असं मिळालं, आणि तो अधिकार लेखी दाखवला. चौथ्याचं उत्तर तिला पटलं नाही, आणि तसं तिनं तिथंच सांगितलं. तरीही तिला बोलावलं. तिनं एका वर्षासाठी होकार कळवलाय. म्हणते, "कुणीतरी हे करणारच आहे, मामी. ज्याला वाईट वाटतं असा माणूस तिथं असलेला बरा." ती व्हीगन राहणार आहे. नणंदेला आधी हे पटलं नव्हतं, आता "बघू" म्हणते.

या क्षेत्रात काम करणारी बरीच मुलं घरी आपलं काम नीट सांगत नाहीत, असं सईच्या सीनियर मुलींनी तिला सांगितलं. "लॅबमध्ये आहे" एवढंच म्हणतात, कारण सांगितलं तर घरचे तोंड फिरवतील अशी भीती असते. लस मात्र त्याच घरातले सगळे घेतात. तुमच्या घरात किंवा ओळखीत असं कुणी असेल, तर रात्री जेवताना त्यांना विचारा, आज काय केलंस? आणि ताटावरून न उठता उत्तर ऐकून घ्या.